दाढेचं रूट कॅनॉल केलं, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्याचा अनुभव

खरं दुखणं ट्रीटमेंटच्या आधीच असतं बघा. खालची डावी दाढ, चार रात्री झोप नाही, आडवं पडलं की ठणका पार कानापर्यंत, लवंग धरून बघितली, मेडिकलमधनं गोळ्या आणल्या पण गोळीचा जोर उतरला की परत तेच. रूट कॅनॉलचं नाव काढलं की आमच्याकडं प्रत्येकजण घाबरवणारच, म्हणून मी लांबवत बसले, तसं कुणी करू नका.

डॉक्टर मॅडमनी एक्सरे काढून स्क्रीनवर दाखवला, "काकू, हे बघा, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय, नुसतं सिमेंट भरून भागणार नाही." माझ्या दाढेला 2 मुळं आणि त्यात 3 नळ्या, त्या आतनं साफ करायच्या. इंजेक्शनची टोच लागते, पण थोड्या वेळात ओठ-जीभ जड पडतात आणि मग खरंच दुखलं नाही. दाढेभोवती रबराचं शीट लावलं त्यामुळं औषधाचं पाणी घशात जात नाही, मग सुईसारख्या बारीक फायली आत फिरवतात, मधेच एक मशीन बीप करतं, त्यावरनं मुळाचं टोक किती खोल आहे ते त्यांना कळतं. तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो. पण हात वर केला की मॅडम लगेच थांबायच्या, एवढ्यासाठीच मी सगळ्यांना तिथं पाठवीन.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर काही खाऊ नका, गाल चावला तरी कळत नाही. दुसऱ्या सिटिंगला नळ्यांत गुलाबी रबरासारखं गटापर्चा भरलं. नंतर तीन दिवस चावताना ठसठसत होतं, ते चालतं म्हणाल्या, पण सूज किंवा ताप आला तर फोन करा.

आणि नंतर दाढेवर बसवायची कॅप टाळू नका! आमच्या जाऊबाईंनी दुखायचं थांबलं म्हणून कॅप बसवलीच नाही, वर्षभरात भाकरी खाताना दाढ उभी चिरली आणि काढावी लागली, इतकं वाईट वाटलं. आतनं कोरलेली दाढ कमजोर होते. कॅपचे पैसे वेगळे असतात, सुरुवातीलाच विचारून घ्या, मेटल-सिरॅमिक आणि झिरकोनियाच्या दरात बराच फरक आहे.

संध्याकाळी अपॉइंटमेंट असूनही पाऊण तास बसवलं, हे मात्र त्यांनी सुधारायला पाहिजे. सकाळची वेळ घ्या, गाडी लावायलापण जागा मिळते.