आठ भेटी, तीन वजनकाटे : घरपोच बाळंतीण-सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

परवा घरपोच बाळंतीण-सेवेच्या कंपनीतून फोन आला, ‘मॅडम, आता टॉडलर पॅकेज घ्या, तुम्हाला सवलत देतो.’ मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर मी म्हटलं, वजनकाटा. पलीकडच्या मुलाला काहीच कळेना. त्याला फोनवर सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. बाळंतपणानंतर घरी येऊन अंगावर पाजायला शिकवायचं आणि बाळाचं वजन करायचं, अशा सेवा बडोद्यात आता दोन-चार आहेत. आम्ही ११,२०० रुपयांत आठ भेटी घेतल्या होत्या, म्हणजे एक भेट १,४०० ला पडली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ही रक्कम सहज निघत नाही.

आधी चांगलं सांगते. चौथ्या दिवशी पहिली भेट झाली. निपलला चिरा पडल्या होत्या, बाळ जवळ घ्यायची वेळ झाली की मी पायाची बोटं आवळून बसायची. स्तनपान शिकवणाऱ्या कन्सल्टंट बेन आल्या, हात धुतले आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही वाकून छाती बाळाकडे नेताय. तुम्ही टेकून बसा, बाळाला तुमच्याकडे आणा.’ बाळाचं नाक निपलच्या समोर, हनुवटी छातीला टेकलेली, आणि तोंड जांभईसारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. तिसऱ्या प्रयत्नाला खालचा ओठ बाहेर वळला, आणि दुखणं थांबलं. खरंच थांबलं. त्या शांततेत बाळ गिळतंय त्याचा बारीक आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. त्या एका तासासाठी मी ११,२०० पुन्हा देईन.

त्यांनीच भिंतीवरच्या कालनिर्णयवर शूच्या रेघा मारायला लावल्या. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले तर दूध पोटात जातंय असं समजायचं. हे काम सासूबाईंनी घेतलं. मध चाटवायचा नाही आणि सहा महिने गुटी, पाणी काही नाही, यावर त्या आधी नाराज होत्या. बेननी त्यांना ‘मासी’ म्हणून शेजारी बसवलं, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जंतूंची गंभीर विषबाधा होऊ शकते ते समजावलं, आणि डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल चालू ठेवा म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

आता काटा.

जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. पहिल्या भेटीत २ किलो ७१० भरलं. पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे बेननी आधीच सांगितलं होतं. अकराव्या दिवशी २ किलो ८६०. अठराव्या दिवशी बेन रजेवर होत्या, दुसरीच मुलगी आली, दुसराच काटा घेऊन. २ किलो ८३०. वाढायच्या ऐवजी तीस ग्रॅम कमी! ती म्हणाली, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. कालनिर्णयवर आदल्या दिवसाच्या आठ रेघा होत्या. सासूबाईंनी हाताला धरून दाखवल्या, तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी हे रावपुऱ्यातून पावडरचा डबा घेऊन आले. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही ओळ १९९२ च्या कायद्याने डब्यावर छापावी लागते. ती वाचत वाचत मी वाटी-चमच्याने तीस मिली पाजलं. बाळ चार तास झोपलं. माझी छाती दगडासारखी झाली आणि मी रात्रभर रडले.

सकाळी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात वजन केलं, ३ किलो ७० ग्रॅम. २४० ग्रॅमचा फरक! आधी वाटलं, काटा गादीवर ठेवला होता म्हणून चुकला असेल. चौथ्या भेटीला तीच मुलगी तोच काटा घेऊन आली. ह्यांनी तो लादीवर ठेवला आणि वर साखरेचा एक किलोचा न फोडलेला पुडा ठेवला. काट्यावर आकडा आला, ९२०. म्हणजे तीन किलोच्या बाळामागे तो पाव किलो खातोय!

मी कंपनीकडे तीन गोष्टी मागितल्या : त्या भेटीचे पैसे, डब्याचे पैसे, आणि काटा चुकीचा होता हे लेखी. एकवीस दिवसांनी १,४०० परत आले. डब्याचे नाहीत. लेखी काहीच नाही. पाचव्या भेटीला गुपचूप तिसरा काटा आला. मला हेच सर्वांत लागलं. तो दुसरा काटा आता कोणत्या घरात जातोय? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सुनेकडे आशाबेन, म्हणजे सरकारी योजनेतल्या आशा सेविका, फुकट येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा फेऱ्या. सगळी वजनं एकाच काट्यावर झालेली, आई-बाळाच्या नोंदींच्या ममता कार्डावर ओळीने लिहिलेली.

डिसेंबरात मी हे लिहिलं असतं तर कोणीही घेऊ नका असंच लिहिलं असतं. पण उरलेल्या दोन भेटी मी कामावर परतण्याआधीसाठी राखून ठेवल्या, आणि बेनच येणार असतील तरच या, असं ठणकावून सांगितलं. माझी २६ आठवड्यांची रजा एप्रिलच्या सुरुवातीला संपली. बेननी पंप लावायला शिकवलं. काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं ते पंचवीस अंशांपर्यंतच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लगेच फ्रीजमध्ये, तेही दारात नाही, आत मागच्या बाजूला, आणि चार दिवसांत संपवायचं. सासूबाईंनी प्रत्येक स्टीलच्या डबीवर पट्टी लावून तारीख घातली. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला दुसरं काही लागलं नाही.

तेव्हा पूर्ण पॅकेज घेऊ नका. सुट्या भेटी मिळत असतील तर घ्या, कोण येणार ते आधी नावानिशी विचारा, आणि वजन आपल्या डॉक्टरांच्या एकाच काट्यावर करा. तरीही कोणी काटा घेऊन आलंच, तर बाळाला ठेवायच्या आधी त्यावर साखरेचा पुडा ठेवून बघा.