५.० मस्टँगचा कॅमशाफ्ट: दुसऱ्यांदा निवडला, सात महिने वापरला

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर, जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझ या फेरीच्या गर्दीत, माझ्या गाडीचं ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट झालं. पुढची गाडी थांबली, मी सगळं अंग पेडलवर टाकलं, तेव्हा कुठे हातभर अंतरावर माझी थांबली. शेजारी बायको होती. ब्रेक ठणठणीत होते, चूक कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, निवडीत होती. यंदा एप्रिलमध्ये तो काढून दुसरा बसवला. आता ४,८०० मैल झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९९० ची फोर्ड मस्टँग एलएक्स. इंजिन ५.० एचओ (हाय आउटपुट), म्हणजे ३०२ घनइंच, कंपनीच्या आकड्याने २२५ हॉर्सपॉवर. पाच गिअर, मागे ३.०८ चं डिफरन्शियल. सिलिंडर हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) फोर्ड एक्सप्लोररचे जीटी-४०पी, त्यांच्या स्प्रिंग नव्या घातल्या. इंजिनात हवा नेणारा इनटेक मात्र मूळचाच, लांब नळ्यांचा. बाकी सगळं या एका गोष्टीवर ठरतं, आणि पहिल्या वेळी मी तिचाच विचार केला नव्हता.

पहिला कॅम दुकानातून सुचवलेला होता: ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडे २३२ डिग्री ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांच्या शिखरांमधला कोन) १०८. उभ्या गाडीचा तो हेलकावणारा आवाज मला फार आवडायचा. पण आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इनटेकमधला व्हॅक्यूम पाऱ्याच्या ११ इंच, मूळ कॅमवर तोच १८ होता. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. रांगत्या ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला ब्रेक दाबला की साठा भरून यायला वेळच मिळत नाही.

ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा, हिशेब सोपा आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट ड्युरेशनची सरासरी काढा, त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. माझ्या जुन्या कॅमचा १६ डिग्री निघाला. म्हणजे तेवढा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह चांगले उघडे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे थोडंफार खपून जातं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर फसतो. न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये गेला की ऑक्सिजन सेन्सर म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय. मग कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे ते यामुळे. वर आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर मीटरमध्ये उलटी हवा आली की तिचीही मोजणी होते, कारण तापलेल्या तारेला हवा कुठल्या दिशेने जातेय ते कळत नाही. १९८६ ते ८८ च्या बहुतेक ५.० मस्टँगमध्ये हा मीटरच नाही. तिथे कॉम्प्युटर मॅनिफोल्डच्या दाबावरून अंदाज बांधतो आणि कमी व्हॅक्यूमला तो लोड समजतो. तुमची गाडी त्यातली असेल तर कॅम अगदी जपून घ्या.

आणि एवढं सोसून मिळालं काय? मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास मूळ इनटेकचा दम संपतो. कॅमची खरी ताकद त्याच्या पुढे होती. खाली पिकअप गेला आणि वरही हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या वेळी कॅम घासून देणाऱ्याला इनटेक, हेड, गिअर, गाडीचं वजन, सगळं कळवलं. त्याने दिला इनटेक २१६, एक्झॉस्ट २२२ डिग्रीचा, लिफ्ट ०.५०० इंच, लोब सेपरेशन ११३. ओव्हरलॅप वजा ७, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी चांगले उघडे नसतातच. कॅम मागवताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) स्वतः विचारून घ्या. एचओची १-३-७-२-६-५-४-८, जुन्या ३०२ ची वेगळी. इंजेक्टर याच क्रमाने पेट्रोल उडवतात, त्यामुळे कॅम चुकीचा आला तर वायरिंगशी मेळच बसत नाही.

बसवताना घाई केली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली इंजिनं उघडली आहेत, मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही हे तिथलंच. व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही ना हे पाहायला पिस्टनवर मुलीच्या खेळण्यातली माती थापली, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, हेड काढून मातीचा तुकडा ब्लेडने कापला. इनटेकच्या बाजूला सर्वांत पातळ जागी ३.१ मिलिमीटर भरली. किमान २ लागते, मग जीवात जीव आला. क्रँकचा कोन मोजणारं डिग्री व्हील लावलं तर इनटेकच्या उंचवट्याचं शिखर कॅमच्या कार्डावर १०९ डिग्रीला आणि प्रत्यक्षात १११ ला. क्रँकच्या गिअरला नऊ खाचा आहेत, त्यात २ डिग्री पुढे घेतला. नुसते गिअरवरचे खुणेचे ठिपके जुळवून बसवला असता तर हे कधी कळलंच नसतं.

आता आयडलला व्हॅक्यूम १५ इंच. आवाजात हलकी थरथर आहे, जाणकाराला ओळखू येते. पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पाय दिला तरी गाडी धक्का न देता उचलते, आणि ३,००० च्या पुढे सीटला पाठ चिकटते. पूर्वी ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट दाबूनच चालवावी लागायची, ते थांबलं. हायवेला अ‍ॅव्हरेज जवळजवळ मूळ कॅमइतकंच मिळतं. एसी लावल्यावर आयडल क्षणभर खाली जाऊन सावरतो. तेवढं राहिलंय. थ्रॉटलचा आयडल व्हॉल्व्ह साफ केला, थोडा फरक पडला. सकाळी गार इंजिन पहिल्या मिनिटाला किंचित अडखळतं, पण बंद पडलेलं नाही.

यंदाच्या ऑगस्टमध्ये पुन्हा वुडवर्डवर गेलो. फर्नडेलपासून पॉन्टियॅककडे, रांगत रांगत, तीन तास. बायको शेजारी होती. पहिला तासभर तिचा हात डॅशबोर्डवर होता. नंतर तिने तो काढून घेतला आणि खिडकीतून जुन्या गाड्या बघायला लागली.