फाट्यावरून तालुक्याला: लालपरी आणि काळीपिवळी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका फाट्यावर माझा चहाचा ठेला आहे. गाडीत कोण चढलं ते कंडक्टरला कळतं, कोण चढलं नाही ते मला.

तिकिटाच्या बाबतीत लालपरीला, म्हणजे एसटीला, तोड नाही. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट, मानव विकास योजनेच्या एसटीत शाळेच्या पोरींना पैसे नाहीत. जानेवारी २०२५ ला भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तरी अर्धं ते अर्धंच. यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आमच्याकडे एवढं स्वस्त दुसरं काही नाही.

घोडं अडतं वेळेवर. पहिली फेरी साडेनवाला, शाळेच्या हिशेबानं लावलेली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडेसहालाच फाट्यावर येतात. वेच्याची मजुरी किलोवर. सकाळचे तीन तास बुडाले की तेवढा कापूस दुसरीच्या ओटीत. मग काळीपिवळी, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप. तिथं सवलत कसली? पूर्ण भाडं, डोक्यावरच्या टोपलीचे वेगळे, आणि मागच्या फळीवर दोघीजणी लटकलेल्या. एक आजी परवा म्हणाली, "फुकटाचं कार्ड हाये मायापाशी, पन गाडी कोठी हाये?"

काळीपिवळीवाल्याचं एक मात्र मानावं लागेल. बाजाराच्या दिवशी तो आपणहून जास्तीची फेरी मारतो. हातात पैसे नसले तर चुकाऱ्याच्या, म्हणजे मजुरी हातात पडण्याच्या, दिवसापर्यंत थांबतो. एवढी सोय कोणत्या योजनेत आहे सांगा!

मागे एक साहेब चौकशीला आले होते. चहा पिता पिता म्हणाले, या रस्त्यावर सकाळी प्रवासी नाहीत, मशीनमध्ये तिकिटंच दिसत नाहीत. अहो, ज्या वेळेला गाडीच नाही त्या वेळेचं तिकीट मशीनमधून निघणार कसं? साडेसहाला इथं येऊन बसा म्हटलं, चहा माझ्याकडून. अजून आले नाहीत.

लालपरीला पाचपैकी तीन, काळीपिवळीला अडीच, तेही उधारीमुळे. साडेनवाची गाडी राहू द्या, पोरींना ती लागते. साडेसहाची एक वाढवा, आणि पहिल्या आठवड्यात रिकामी गेली म्हणून लगेच बंद करू नका; दिवाळी ते संक्रांत चालू द्या, गावात कळायलाच वेळ लागतो. परतीची मात्र सहानंतर ठेवा. पाचला शेतात कापसाचं वजन चालू असतं.