गवती चर की दगडी चर: निवड करण्यापूर्वी

पावसाचे पाणी मुरवत-मुरवत वाहून नेणारा उथळ चर खोदून झाला, की त्याचा तळ आणि बाजू गवताने झाकाव्यात की दगडगोट्यांनी, असा प्रश्न पडतो. माझ्याकडे एकाच आवारात हे दोन्ही प्रकार काही वर्षे शेजारी-शेजारी होते आणि दोन्हींची निगा मी स्वतः राखली. मोजमापे मी ठेवली नाहीत; पुढचे सगळे फावड्याच्या भरवशावर लिहिले आहे.

सुरुवातीला दगडी चराने मला जिंकले होते, हे मान्य करतो. गवती चरात मुळे धरेपर्यंत पाणी दुसरीकडे वळवावे लागले, एका जोरदार सरीत अर्धे बी वाहून गेले आणि ते पुन्हा पेरावे लागले. पुढे कापणीही आलीच. गवत साधारण १० ते १५ सेंटिमीटर ठेवावे; फार आखूड कापले तर त्यात गाळ अडत नाही आणि फार वाढू दिले तर ते आडवे पडते. शिवाय जमीन ओली असताना यंत्र घातले, तर चाकोऱ्या पडतात आणि पुढचे पाणी नेमके त्या चाकोऱ्यांतून धावते. दगडी चराला पहिली दोन वर्षे यातले काहीच करावे लागले नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र दगडी चरात पाऊस थांबल्यावर चार-चार दिवस पाणी साचून राहू लागले. पाणी दोन दिवसांत ओसरावे, एवढी माफक अपेक्षा असते, कारण त्याहून फार रेंगाळले तर डासांची सोय होते. वरून पाहता चर स्वच्छ दिसत होता. पहारेने एक दगड उचकटला, तेव्हा खाली काळा, लोण्यासारखा मऊ गाळ निघाला, आणि दगडांखाली अंथरलेल्या जिओटेक्स्टाईल कापडाला भोके पाडून लव्हाळ्याच्या गाठी आरपार गेलेल्या दिसल्या. पाणी मुरू द्यायचे ज्याने, त्या कापडाचीच छिद्रे गाळाने बुजली होती. मग एकेक दगड उचलणे, धुणे, कापड खरवडणे आणि दगड पुन्हा बसवणे असा उद्योग सुरू झाला. जेमतेम दहा पावलांच्या लांबीला मला दोन पूर्ण दिवस लागले, आणि लव्हाळा महिनाभरात परत आला.

गाळ गवती चरातही साचतो, किंबहुना तो तिथे साचावा म्हणूनच गवत असते. पण तो डोळ्यांना दिसतो. थर आठ-दहा सेंटिमीटरचा झाला, की तो वाळून भेगाळण्याची वाट पाहावी. मग फावड्याने त्याच्या खपल्या सुटून येतात आणि घमेल्याने सहज उचलता येतात. उघड्या पडलेल्या जागी बी टाकावे, पाणसळ लावून उतार एकदा पाहून घ्यावा, की काम झाले. माझा कौल फिरला तो एवढ्याच कारणाने.

गवताची एक खोड मात्र सांगितलीच पाहिजे. फरसबंदीला लागून असलेली गवताची कड गाळ धरून हळूहळू वर येते आणि एके दिवशी पाणी चरात उतरण्याऐवजी फरसबंदीवरच तुंबते. ही कड वर्षातून एकदा तासून फरसबंदीपेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर खाली ठेवावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण एका सकाळीत उरकते.

तुमची जागा वेगळी असेल, तर निर्णयही वेगळा असू शकेल. उतार पाच टक्क्यांहून अधिक असेल, तर आडवे बांध घातल्याशिवाय नुसत्या गवतावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. दाट सावलीत गवत विरळ होते आणि माती उघडी पडते, तिथेही दगडच बरे. अर्थात पानगळीचा कचरा त्यांच्या फटींतही अडकणारच. पाइपाच्या तोंडातून पावसाचे पाणी जिथे जोराने चरात पडते, तिथे तर कोणतेही गवत तग धरत नाही. अशा तोंडांशी मीसुद्धा दोन-तीन पावलांपुरते दगड ठेवले आहेत. जाड गाळ बहुतेक तिथेच बसतो आणि एवढे दगड उचलून साफ करायला काही वाटत नाही. बाकी सगळीकडे आता गवत आहे. जुन्या दगडी चरातले निम्मे दगड या तोंडांशी कामी आले आणि उरलेले अजून कुंपणापाशी रचून ठेवलेले आहेत.