ग्लॉकस चार, पत्ते चार

मी ३४ वर्षं नाशकात टपालाचा बटवडा केला. त्यातली बरीच वर्षं भद्रकाली आणि सराफ बाजाराच्या गल्ल्यांत गेली. तिथे एकाच वाड्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे असायचे. आम्ही मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, बघायचो. तेही जुळलं तर कुठल्या जिन्यावरचा ते विचारायचो. एकदा न विचारता एका आजीच्या मुलाची मनीऑर्डर मी शेजारच्या बिऱ्हाडात दिली होती. दुसऱ्या दिवशी पैसे पोचते केले, पण त्या रात्री त्यांच्या घरी काय शिजलं असेल हा विचार अजून जात नाही.

म्हणून या पुस्तकाची किंमत मला कळते. ग्रीक पुराणकथांचा हा जाडजूड इंग्रजी कोश शालिमारजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात २२० रुपयांना मिळाला. घेतला नातीसाठी. ती नववीत आहे आणि तिला या गोष्टींचं वेड आहे. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आजोबा, ग्लॉकसला त्याच्याच घोड्यांनी फाडून खाल्लं ना? मग हा ट्रॉयच्या लढाईत कसा?"

कोशात ग्लॉकस काढला. आकडे घालून चार जण वेगळे मांडलेत. प्रत्येकापुढे आधी वडील किंवा गाव, मग गोष्ट. अँथिडॉन गावचा कोळी: पकडलेले मासे गवतावर टाकले तर ते जिवंत होऊन पाण्यात उड्या मारू लागले, म्हणून त्यानं ते गवत खाल्लं आणि समुद्रातला देव झाला. सिसिफसचा मुलगा: घोड्यांनी खाल्ला तो हा. मायनॉस राजाचा लहान मुलगा: उंदराच्या मागे धावताना मधाच्या रांजणात पडून गेला. पॉलिइडस नावाच्या द्रष्ट्याला त्याच्या देहासोबत कोंडलं. तिथे एका सापानं वनस्पती आणून मेलेल्या सापाला उठवलेलं त्यानं पाहिलं आणि त्याच पाल्यानं पोराला उठवलं. नातीनं हे दोनदा वाचून घेतलं.

चौथा लिशियाचा, हिप्पोलोकसचा मुलगा. होमरच्या इलियड या ट्रॉयच्या लढाईवरच्या महाकाव्यात, सहाव्या सर्गात, समोरच्या ग्रीक बाजूचा वीर डायोमिडीज त्याला रणांगणावर विचारतो, तू कोण? तो सगळा वंश सांगतो: सिसिफस, त्याचा ग्लॉकस, त्याचा बेलेरोफॉन, त्याचा हिप्पोलोकस, त्याचा मी. म्हणजे पणजोबांचं नाव पणतवाला! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. नातीचं कोडं तिथेच सुटलं. आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. नावं ऐकल्यावर डायोमिडीजला उमगतं की याच्या आजोबांना आपल्या आजोबांनी वीस दिवस घरी पाहुणा म्हणून ठेवलं होतं. दोघं रथातून उतरतात, हातात हात घेतात, चिलखतं बदलतात. ग्लॉकसचं सोन्याचं, शंभर बैलांच्या मोलाचं. समोरच्याचं ब्राँझचं, नऊ बैलांचं. होमर म्हणतो की देवांचा राजा झ्यूस यानं ग्लॉकसची बुद्धी हिरावली. मला तसं वाटत नाही. पूर्ण पत्ता सांगितला म्हणून त्या दिवशी दोघांचे जीव वाचले.

क्रिऑन नावाचे राजेही दोन आहेत, थीब्जचा आणि कॉरिंथचा. थीब्जवाल्याची बायको युरिडिसी, पण ऑर्फियस या गायकाची बायको युरिडिसी ती नव्हे. कोशात हे सगळं नीट लावलेलं आहे.

चुकलंय ते सिला या नावाखाली. मेगाराच्या नायसस राजाची मुलगी, जिनं मायनॉससाठी वडिलांच्या डोक्यावरची जांभळी बट कापली, आणि सामुद्रधुनीतली सहा डोक्यांची सिला, जिनं ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियस राजाची सहा माणसं उचलली, या दोघी एकाच परिच्छेदात घातल्यात, आकडा न घालता. व्हर्जिलसारख्या रोमन कवीनंही एका कवितेत या दोघींची सरमिसळ केली आहे, हे खरं. पण कवीला ते चालून जातं. कोशाचं कामच वेगळं करण्याचं. बाप दगा देऊन मारणारी एक, आणि सर्सी या जादूगारणीनं पाण्यात विष कालवल्यामुळे राक्षसीण झालेली दुसरी. एकीचा दोष दुसरीच्या माथी का? शिसपेन्सिलीनं मी समासात १ आणि २ घातलंय.

अक्षर बारीक आहे, मला भिंग लागतं. उच्चार कुठेच दिलेले नाहीत, मुलांसाठी घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तरी पाचपैकी चार तारे.

त्याच दुकानात आणखी एक प्रत होती. घेणार असाल तर शेवटची वंशावळींची पानं उघडून बघा. माझ्या प्रतीत थीब्जच्या घराण्याचं पान निम्मं फाटलेलं निघालं.