अंतर राखणारी लेन्स: निकॉन २००-५०० बरोबरचे एक वर्ष

गेल्या जानेवारीत मी निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडून वापरलेल्या स्थितीत विकत घेतली आणि पुढच्या बारा महिन्यांत जिथे जिथे गेले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ती माझ्या पाठीवर होती. ही लेन्स २०१५ साली बाजारात आली, त्यामुळे तिच्या काचा, तिची स्पष्टता आणि तिचे रंग यांविषयी तज्ज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. महाराष्ट्रातल्या धुळीत, पाणथळ जागांवर, माळरानावर आणि वारीच्या गर्दीत वर्षभर फिरताना ही लेन्स कुठे उपयोगी पडते, कुठे ती घरी ठेवावी आणि तिच्यामुळे चित्र घेण्याच्या रीतीत काय फरक पडतो, हे नव्याने घेऊ पाहणाऱ्याला कळावे, एवढ्यासाठी हा मजकूर आहे.

आधी वजनाविषयी, कारण घेण्याचा निर्णय बहुतेकांचा तिथेच अडतो. ट्रायपॉडच्या कॉलरसह (लेन्सभोवतीचे, तिपाईला जोडण्याचे कडे) लेन्सचे वजन सुमारे २३०० ग्रॅम आहे, लांबी साधारण २७ सेंटिमीटर आणि पुढच्या फिल्टरचा व्यास ९५ मिमी. माझ्या निकॉन डी५०० बॉडीसह सगळा संच तीन किलोंच्या वर जातो. पहिल्या दोन महिन्यांत मी तो गळ्यात अडकवून पाहिला आणि मानेने लगेच तक्रार केली. नंतर कॉलरच्या पायालाच पट्टा बांधून तिरपा खांद्यावर घेण्याची सवय लावली आणि प्रश्न बराचसा मिटला. एसटीने प्रवास करताना बॅग वरच्या फळीवर न ठेवता मांडीवरच ठेवावी लागते, हेही घेणाऱ्याने गृहीत धरावे.

लेन्सची खरी पारख मला भिगवणला झाली. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर, कुंभारगाव आणि आसपासच्या वस्त्यांतले मच्छीमार थंडीत आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. पाणी ओसरून उथळ चिखलपट्टे उघडे पडले की रोहित पक्षी येतात. म्हणून पावसाळा चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात घाई करून उपयोग नसतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे सहाला आम्ही पाण्यावर होतो. चित्रबलाक काठावरच्या झाडांवर होते, पट्टकादंब हंसांचा एक थवा लांबवर बसलेला होता आणि त्याच्याही पलीकडे रोहितांची फिकट गुलाबी रेघ दिसत होती. पूर्वी माझ्याकडे ७०-३०० मिमीची लेन्स होती, तेव्हा मी नावाड्याला सारखी “दादा, अजून थोडे पुढे घ्या” असे म्हणत असे. रोहित पक्षी उडण्याआधी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पाण्यावर बरीच पावले धावतो, आणि त्या धावण्यात त्याची पुष्कळ शक्ती खर्च होते. केवळ माझ्या चित्रासाठी त्याला दिवसातून चार वेळा तसे धावायला लावणे योग्य नाही, हे मला तेव्हाही कळत होते, पण लेन्स पुरत नसल्यामुळे मी स्वतःची समजूत घालून घेत असे.

या वेळी नावाड्याने होडी जिथे थांबवली, तिथेच राहा असे मी सांगितले. डी५०० च्या लहान सेन्सरमुळे ५०० मिमीचे दृश्यक्षेत्र ७५० मिमीइतके अरुंद होते, आणि थव्यातला एकेक पक्षी चोच पाण्यात उलटी घालून चिखल गाळताना चौकटीत नीट बसत होता. आम्ही वल्ही उचलून पाऊण तास तसेच बसलो. पक्षी हळूहळू चरत स्वतःच आमच्या बाजूला सरकले, आणि नावाडी हळू आवाजात म्हणाला, “ताई, आता हलू नका, ते आपणहून येतायत.” त्या सकाळी घेतलेल्या चित्रांपैकी जी मी भिंतीवर लावली, त्यात एकही पक्षी उडत नाही. परतल्यावर कुंभारगावात चिलापीचे कालवण आणि भाकरी खाताना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती चित्रे पाहत होते, आणि या लेन्सचा मोठा गुण कोणता हे तिथेच माझ्यापुरते ठरले: ती समोरच्या जिवाला त्याच्या जागी राहू देते.

तांत्रिक बाजूने होडीत दोन गोष्टी लक्षात आल्या. लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा साडेचार स्टॉपपर्यंत मदत करते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येणे) असे निकॉन सांगते, आणि बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत माझा अनुभव त्याच्या जवळ जाणारा आहे. परंतु ती फक्त आपल्या हाताची थरथर झेलते, पंखांची हालचाल नव्हे. उडणाऱ्या नदीसुरयासाठी शटर १/२००० सेकंदाहून वेगवानच लागतो. यंत्रणेचे दोन प्रकार आहेत, नॉर्मल आणि स्पोर्ट. पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा असेल तेव्हा स्पोर्ट लावावा, कारण त्यात चौकट उड्या मारत नाही.

एप्रिलमध्ये ताडोबाला गेले. पहाटेच्या फेरीत पहिला अर्धा तास उजेड फार कमी असतो आणि एफ/५.६ ची, म्हणजे लेन्सच्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाची, मर्यादा तिथे स्पष्ट दिसते: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आणि शटर १/१६० सेकंद अशा जोडीवर काम करावे लागते, म्हणजे बसलेला वाघ मिळतो, चालणारा बहुधा मिळत नाही. जिप्सीत ट्रायपॉड लावता येत नाही. दारावर ठेवलेली तांदळाची पिशवी हाच उत्तम आधार. मात्र ताडोबाने दिलेला धडा नेमका उलट्या बाजूचा होता. मोहर्ली दरवाजाच्या बाजूला एका वळणावर वाघीण झुडपातून निघून आमच्यापुढे साधारण पंधरा मीटरवर रस्ता ओलांडू लागली. लहान सेन्सरवर २०० मिमीने तेवढ्या अंतरावर चौकटीत जेमतेम पावणेदोन मीटर रुंदी मावते, आणि पूर्ण वाढलेली वाघीण शेपटीसह त्याहून बरीच लांब असते. मला तिचे डोके मिळाले, खांदा मिळाला. ज्या पळसाच्या आणि बांबूच्या रानातून ती आली ते रान मिळाले नाही. शेजारच्या जिप्सीतल्या एका शाळकरी मुलाने साध्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात जंगल होते, धूळ होती, सकाळ होती आणि त्यात लहानशी वाघीण होती. मी नंतर ते चित्र पाहिले आणि मला ते माझ्या सगळ्या चित्रांहून जास्त आवडले. ताडोबाला जाणाऱ्याने ही लेन्स जरूर न्यावी, पण दुसरी बॉडी आणि लहान लेन्स हाताशी असल्याशिवाय जाऊ नये.

मे महिन्यात बारामती तालुक्यातल्या सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहण्यासाठी दोनदा गेले. हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, गवताळ आणि उघडे. पहिल्या फेरीत सकाळी दहा वाजता घेतलेली सगळी चित्रे मऊ, म्हणजे धार नसलेली, आली आणि लेन्समध्ये बिघाड आहे की काय अशी मला शंका आली. बिघाड हवेत होता. तापलेल्या मातीवरून वर उठणारे हवेचे थर प्रकाशाला वाकवतात, आणि दोनशे मीटरवरचा प्राणी ५०० मिमीतून पाहिला की तो थरथराट चित्राची सगळी धार खाऊन टाकतो. ट्रायपॉडने, शटर वाढवून किंवा कंपनरोधक बंद करूनही त्यावर उपाय होत नाही. दुसऱ्या फेरीत सूर्योदयाला पोहोचले, साडेसातला काम संपवले, आणि त्याच लेन्सने चिंकाऱ्याच्या पापण्यांचे केस मोजता येतील अशी चित्रे दिली. वापरलेली लेन्स घेऊन पहिल्याच उन्हाळ्यात ती परत करायला निघालेली माणसे मला भेटली आहेत. त्यांनी आधी पहाटे एकदा पाहावे, एवढीच विनंती.

आता वारीविषयी, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. पक्ष्यांची लेन्स माणसांत न्यावी का, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवत होते. माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघाली की दिवे घाट चढते, आणि घाटाच्या वरच्या वळणावरून खाली पाहिले की नागमोडी रस्ता पताकांनी आणि तुळशीवृंदावनांनी भरून वाहताना दिसतो. रुंद लेन्सने घेतलेल्या चित्रात ही गर्दी डोंगरात हरवून जाते. ३०० ते ४०० मिमीला मात्र रस्त्याची तीन वळणे एकावर एक येऊन बसतात, खालच्या दिंडीचे पांढरे धोतर आणि वरच्या दिंडीची भगवी पताका एकाच पातळीवर आल्यासारखी दिसतात, आणि पाहणाऱ्याला त्या चालण्याचा अथांगपणा जाणवतो. पुढे तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. तिथे पुढे घुसण्यासाठी छायाचित्रकारांची जी रेटारेटी चालते, ती पाहून मला दर वर्षी वाईट वाटते, कारण ज्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे अठरा दिवस चालतात, त्याच्या वाटेतच आपण उभे असतो. या वर्षी मी लांबच्या एका गच्चीवर, घरमालकांच्या परवानगीने, उभी राहिले आणि रस्त्याच्या सरळ रेषेत अश्व येताना ४५० मिमीला पकडला. कोणाच्याही दर्शनात मी आडवी आले नाही.

पण त्याच लेन्सने मला एक अडचण दाखवली. त्याच संध्याकाळी झाडाखाली बसून पाय चोळणाऱ्या एका वृद्ध वारकरी बाईंचे चित्र मी लांबून घेतले. पक्ष्याच्या बाबतीत अंतर राखणे म्हणजे त्याचा मान राखणे असते. माणसाच्या बाबतीत तेच अंतर चोरून पाहिल्यासारखे होऊ शकते. त्यांना ठाऊकच नव्हते की कोणी त्यांच्याकडे पाहते आहे. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “माऊली, पाय दिसतायत माझे. चेहरा कशाला, पायच राहू दे.” मी चित्र कापून फक्त पाय ठेवले. त्यानंतर मी स्वतःपुरता नियम केला की माणसाचे चित्र या लेन्सने घेतले, तर शक्य असेल तिथे ते त्या माणसाला दाखवायचेच.

पावसाळ्यात लेन्स जवळजवळ घरीच राहिली. झूम करताना तिची नळी पुढे सरकते आणि त्याबरोबर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, म्हणून सह्याद्रीच्या पावसात ती उघड्यावर नेणे मला पटत नाही. आपल्याकडे लेन्सचा मोठा शत्रू धक्का नसून बुरशी आहे. हवाबंद डबा, त्यात आर्द्रता दाखवणारे लहान यंत्र आणि गरम करून पुन्हा वापरता येणारे सिलिका जेल एवढी व्यवस्था पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की झाले. ज्यांचे घर कोकणात आहे, त्यांनी लेन्सच्या पैशांतच या डब्याचे पैसे धरावेत.

सप्टेंबरात उघडीप पाहून कासला नेली, आणि तिथे तिचा एक अनपेक्षित गुण कळला. ती २.२ मीटरपर्यंतच्या वस्तूवर फोकस करते आणि ५०० मिमीला तेवढ्या अंतरावर सुमारे दहा-अकरा सेंटिमीटर रुंदीची चौकट देते. म्हणजे पायवाट न सोडता, सड्यावर पाऊल न टाकता सोनकीचा एखादा झुबका, गेंदाचे पांढरे मणी किंवा तेरड्यावर बसलेले फुलपाखरू भरून घेता येते. २०१२ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या या पठारावर एका चित्रासाठी फुलांत लोळणारी माणसे आजही दिसतात, आणि त्यांना ही लेन्स दाखवावी असे मला फार वाटले.

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, मार्चमध्ये गेले तेव्हा, ती खोलीच्या कपाटातच होती. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे सोडताना दोरीच्या मागे उभे राहायचे असते, फ्लॅश वापरायचा नसतो, आणि ते क्षण डोळ्यांनी पाहायचे असतात.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तुमची बॉडी डी९० किंवा डी८० यांसारखी जुनी असेल, तर लेन्समधले विद्युत-चलित छिद्र (आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणारे) त्यावर चालत नाही, हे आधी तपासा. निकॉनच्या झेड मालिकेचा, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा असेल तर एफटीझेड नावाच्या जोडणीने ही लेन्स चालते. पण नवीनच घ्यायची असेल, तर २०२३ मध्ये आलेली झेड १८०-६०० मिमी अधिक योग्य, कारण झूम करताना तिची लांबी बदलत नाही आणि ती थोडी हलकीही आहे. वापरलेली लेन्स घेताना मागून टॉर्चचा प्रकाश टाकून काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा, झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत सारखी फिरते का ते पाहा, आणि कंपनरोधक सुरू करून शांत खोलीत आवाज ऐका.

मी मात्र सध्या ती बदलणार नाही. भिगवणच्या त्याच नावाडी दादांना परवा फोन केला होता. फुगवट्याला अजून पाणी बरेच आहे, चिखलपट्टे उघडे पडलेले नाहीत, असे ते म्हणाले. जानेवारीच्या शेवटी या, तोवर पक्ष्यांना नीट बसू द्या. मी फेब्रुवारीचा पहिला रविवार धरून ठेवला आहे.