अहवाल खरा, माल खोटा

वाळूमिश्रित पाण्यात फिरणाऱ्या बुशांसाठी (दांड्यावर बसणाऱ्या नळीसारख्या भागांसाठी) आम्ही वजनाने २० टक्के सिलिकॉन कार्बाइड या अतिकठीण सिरॅमिकचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे गोल बार जादा भावाने घेतले. सोबतच्या चाचणी अहवालात झीज नगण्य होती आणि घर्षणांक स्थिर होता. प्रत्यक्षात बुश साध्या मिश्रधातूच्या बुशांइतकेच भराभर झिजले.

शंकेची पाल लेथवरच चुकचुकली होती. असे कण धातूत खरोखर असतील तर हायस्पीड स्टीलच्या टूलची धार बघता बघता जाते आणि चिप, म्हणजे निघणारा कीस, तुटक पडते. इथे मात्र बारचा बराचसा भाग लोण्यासारखा कापला जाऊन लांब, चकचकीत वेटोळी निघाली, आणि शेवटच्या वीतभर भागात तीच धार एकाएकी गेली. दोन्ही टोकांचे तुकडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवल्यावर एकातून जेमतेम काळपट साका उरला (तो मिश्रधातूतल्या सिलिकॉनचाही असतो), तर दुसऱ्यातून खरखरीत कणांचा जाड थर. वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता सुमारे २.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि सिलिकॉन कार्बाइडची ३.२; ओतताना रस नीट ढवळला नाही, की कण तळाशी बसतात. चाचणीचा नमुना कुठल्या टोकाचा असेल, हे सांगायला नको.

दुसरी लबाडी अधिक बेमालूम होती. एक चाचणी गुळगुळीत पोलादी चकतीवरची, म्हणजे सरकत्या झिजेची होती. वाळूच्या ओरखड्यांशी तिचा संबंध नाही. दुसरी एमरी पेपरवरची होती खरी, पण पिन (नमुन्याची छोटी दांडी) एकाच मार्गावर पुन्हा पुन्हा फिरवलेली. अशा वेळी पेपरचे दाणे बोथट होतात, ॲल्युमिनियमच्या भुकटीने बुजतात आणि झिजेचा आकडा आपोआप उतरतो. पेपरच्या दाण्याचा आकार अहवालात नव्हताच, आणि खरी मेख तिथेच आहे: दाणा बारीक असेल तर सिरॅमिकचे कण धातूला वाचवतात, तो त्यांच्यापेक्षा बराच मोठा असेल तर आजूबाजूच्या मऊ धातूसकट त्यांनाच उकरून काढतो.

पुरवठादाराचे उत्तर एकच होते, की अहवाल खोटा असल्याचे सिद्ध करा. तो खोटा नव्हताच, म्हणून पैसे अडकले. असा माल घेणाऱ्यांनी नमुने बारच्या दोन्ही टोकांतून स्वतः कापून घ्यावेत आणि दाण्याचा आकार, भार, घासण्याचे अंतर व प्रत्येक फेरीला नवा पेपर या अटी मागणीपत्रातच लिहून घ्याव्यात. केवळ कडकपणाच्या आकड्यावर माल स्वीकारू नये, कारण तो कणांशिवाय नुसत्या उष्णोपचारानेही वाढवता येतो.